पंख्याखालची जागा

आमच्या चर्चमध्ये अठरा पंखे आहेत आणि मे महिन्यात कुठल्या पंख्याखाली कोण बसणार, हे बाप्तिस्म्याच्या वहीतल्या नोंदीइतकं पक्कं असतं. लिहिलेलं कुठेच नाही. पण रविवारी सकाळी आठच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, एखादा पाहुणा चुकून तिसऱ्या बाकाच्या डाव्या टोकाला बसला, तर मागच्या चार ओळींतून त्याच्या मानेवर अशा नजरा पडतात की पहिलं वाचन संपायच्या आत तो आपणहून सरकतो. ज्यांची ती जागा, त्या आजी तोवर बाजूला उभ्या असतात. हातात जपमाळ, चेहऱ्यावर क्षमा.

वसईतल्या जुन्या चर्चसारखंच आमचंही छप्पर उंच. इतकं, की पंखे लांबलचक लोखंडी नळ्यांना टांगलेले आहेत आणि जोरात फिरायला लागले की नळीसकट डुलतात. नवख्या माणसाचं अर्धं लक्ष वरच असतं. तीही एका परीने भक्तीच. त्याला आणखी एक गोष्ट ठाऊक नसते. तो नेमका पंख्याच्या खाली जाऊन बसतो आणि घामाने भिजतो. पंख्याच्या मधोमध खाली हवा फारशी हलतच नाही. वारा पडतो तो पात्यांच्या टोकांखाली. हे ज्ञान धर्मशिक्षणाच्या कुठल्याच इयत्तेत मिळत नाही, ते घराण्यातून यावं लागतं.

प्रत्येक पंखा कोणाच्या ना कोणाच्या स्मरणार्थ दिलेला आहे. एवढ्या उंचावरचं नाव कोण वाचणार, म्हणून ती नावं खाली स्विचबोर्डावर, ज्याच्या त्याच्या बटणाशेजारी रंगवली आहेत. त्यात माझे आजोबाही आहेत. चर्चची देखभाल करणारे काका मिस्सा संपल्यावर बोर्डाजवळ उभे राहून मला हमखास विचारतात, "आजोबांना बंद करू, की बसणार आहेस अजून?"

गंमत म्हणजे आजोबांना पंखा अजिबात चालत नसे. पंख्याच्या वाऱ्याने सांधे धरतात, हे त्यांचं ठाम मत. ते आयुष्यभर बाजूच्या दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसले. ते गेल्यावर त्यांच्या नावाने काय द्यायचं यावर वडील आणि काकांची दोन दिवस चर्चा झाली. घड्याळ आधीच कोणीतरी दिलं होतं, मग उरला पंखा. आता तो चारवर ठेवला की टक्, टक् असा आवाज करतो. दोनदा दुरुस्त केला, एकदा पाती बदलली, आवाज आहेच. प्रवचन लांबलं की तो जास्तच ऐकू येतो. आजोबा जिवंतपणी अशा वेळी खोकत. प्रवचन आठ मिनिटांपेक्षा लांबवू नका, नाहीतर लोक झोपतात, असं २०२४ साली पोप फ्रान्सिस म्हणाले तेव्हा आमच्या घरात सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. आजोबांनी हे तीस वर्षं आधी, खोकून का होईना, सांगितलं होतं.

खरं तर ज्यांनी हे चर्च बांधलं त्यांनी वाऱ्याची सोय केली होती. मुख्य दार पश्चिमेला, म्हणजे समुद्राच्या अंगाला. दुपारी जमीन तापली की तिच्यावरची हवा वर चढते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरून खारा वारा आत शिरतो. दार उघडं असेल तर तो मधल्या वाटेने सरळ वेदीपर्यंत जातो, मेणबत्त्या आडव्या करतो. पंख्याची गरजच नाही. अडचण एवढीच, की हा वारा सुटायला दुपार व्हावी लागते आणि आमची मोठी मिस्सा सकाळी आठला. त्या वेळी झाडाचं पान हलत नाही. ख्रिस्ती माणसाने दुपारी चारला उपासना करावी, हे समुद्राचं म्हणणं आम्ही अजून मानलेलं नाही.

मानतात ते फक्त लग्नवाले. ईस्टरआधीच्या उपवासकाळात लग्नं नाहीत, ईस्टर कधी मार्चअखेर तर कधी थेट एप्रिलच्या शेवटाकडे, आणि जूनमध्ये पाऊस. म्हणजे वर्षभराचे नवरदेव मधल्या पाच-सहा आठवड्यांत सूट घालून घाम पुसायला उभे. लग्न ठरलेल्यांची नावं तीन रविवार वेदीवरून पुकारतात, त्यामुळे मे महिन्यात सूचना प्रवचनाहून लांब होतात. त्यांना मात्र कोणी खोकत नाही. सगळे कान देऊन ऐकतात, कोणाचं कुठल्या आळीत जमलं ते.

उघड्या दारातून नुसता वारा येत नाही, हीच खरी मौज. मे महिना म्हणजे आगोटीच्या बेगमीचा. किनाऱ्याकडच्या कोळीवाड्यांत एक जूनपासून दोन महिने यांत्रिक होड्या बंद, म्हणून त्याआधी बोंबील, जवळा, सोडे सुकवून भरून ठेवायची घाई. वाऱ्याची दिशा बरोबर असली की प्रभूच्या प्रार्थनेत 'आमची रोजची भाकर आज आम्हाला दे' म्हणताना भाकरीबरोबर काय, तेही कळतं. कोळीणी उन्हाने करपलेल्या हातांनी येतात, मागच्या बाकांवर बसतात, मिस्सा झाली की फादरांशी न बोलता तडक निघतात. वाळत घातलेलं राखायला घरी फक्त एक म्हातारं आणि एक काठी असते.

आणि बाटली मसाला. वसई-मुंबईकडच्या ख्रिस्ती घरांत वर्षाचा मसाला उन्हाळ्यात करतात. मिरच्या, धणे, हळकुंड, तीळ, खसखस, दालचिनी, आणखी कितीतरी जिनसा कडक उन्हात वाळवायच्या, भाजायच्या, मग कांडायच्या आणि बिअरच्या रिकाम्या बाटल्यांत ठासून भरायच्या. गडद काचेतून ऊन आत जात नाही, रंग आणि वास टिकतो. त्यामुळे ज्या घरात थेंबाला शिवत नाहीत, तिथेही मे महिन्यात अंगणात पंचवीस बाटल्या उन्हात उभ्या असतात आणि नव्या भाडेकरूंचा गैरसमज होतो. प्रत्येक घराचं प्रमाण वेगळं, आणि ते सुनेला सांगायचं की नाही हे तिची वागणूक बघून ठरतं.

दोन वर्षांपूर्वी चर्चच्या पश्चिमेच्या घरात एका शनिवारी मसाला कांडत होते. चारचं लग्न. वारा सुटलेला. नवरा-नवरी वेदीसमोर, फादर विवाहाची वचनं विचारायला पुढे झाले आणि पहिल्या बाकावरून शिंक आली. मग दुसऱ्या. मग फादर स्वतः, तीनदा. नवरी घुंघटाआडून शिंकत "होय" म्हणाली. चित्रफितीत ते इतकं स्पष्ट आलंय की तिच्या सासूने अजूनपर्यंत त्याचं भांडवल केलेलं नाही याचं मला आश्चर्य वाटतं. कोणी दार लावायला उठलं नाही. मधल्या बाकांवरच्या बायका नाकाला पदर लावून एवढंच पुटपुटल्या, "मिरची जास्त घातलीय या वर्षी."

मुलांना यातलं काही लागत नाही. त्यांचं उन्हाळी शिबिर सभागृहात. सकाळी गाणी, बायबलमधल्या गोष्टी, चित्रं, मग लगोरी, मग कोकम सरबत, ज्याच्यासाठी निम्मी मुलं येतात. दहा वाजले की युवकांतल्या ताई-दादांचा घसा बसलेला असतो. शेवटच्या दिवशी नाटक. आमच्याकडे ते बहुतेक वेळा संत गोन्सालो गार्सियांवर असतं, कारण तो आमचा वसईचा माणूस. आई इथलीच, बाप पोर्तुगीज. जपानमध्ये व्यापार केला, मग मनिलाला जाऊन फ्रान्सिस्कन बंधू झाला आणि पुन्हा जपानला गेला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला पंचवीस सोबत्यांबरोबर त्याला क्रूसावर मारलं. १८६२ साली संतपद मिळालं. भारतात जन्मलेला पहिला संत.

एवढा मोठा माणूस, पण शिबिरात गोन्सालो व्हायला कोणी तयार नसतं. सगळ्यांना जपानी शिपाई व्हायचं असतं, कारण शिपायाला पुठ्ठ्याची तलवार मिळते. गेल्या वर्षी नऊ शिपाई आणि एक रडवेला संत असा प्रयोग झाला. माझा भाचा संत. त्याला शेवटी दोन ग्लास सरबताच्या बोलीवर क्रूसावर चढवलं. "नागासाकी फार लांब आहे का?" असं त्याने मध्येच, क्रूसावरूनच, दिग्दर्शकताईला विचारलं आणि एका शिपायाने परस्पर उत्तर दिलं, "विरार लोकलने नाही जात."

संध्याकाळ मात्र चर्चची नसते. ती आळीतल्या क्रूसाची. मे महिना मरियामातेचा. रोज कुठल्या ना कुठल्या क्रूसापुढे जपमाळ आणि लदीन. दुपारी वाडीतला मोगरा, सोनचाफा खुडून मुली क्रूसाला माळा घालतात. कोणीतरी चटया आणतं, कोणी पेट्रोमॅक्सऐवजी आता चार्जिंगचा दिवा. इथे पंखा नाही, बाक नाही, म्हणून जागाही कोणाची नाही. तिसऱ्या बाकाच्या डाव्या टोकाच्या आजी इथे चटईवर बसतात आणि त्यांच्या मांडीला टेकून कोणाचंही पोर झोपतं.

लदीन म्हणजे मरियेच्या बिरुदांची लांबलचक माळ. पहाटेचा तारा, हस्तिदंती मनोरा, सोन्याचं घर. प्रत्येक बिरुदाला सगळ्यांनी एका सुरात "आमच्यासाठी विनंती कर." विसाव्या शतकाच्या साठीच्या दशकात व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेने लोकभाषांना वाट करून दिली तोवर हे सगळं लॅटिनमध्ये चाले. आमच्या आळीतल्या दोघीतिघी अजून "ओरा प्रो नोबिस" म्हणतात, तेही अर्धं पाऊल मागे राहून, त्यामुळे मराठी संपली की क्षणभर लॅटिन ऐकू येतं. लहानपणी मला वाटायचं की ती देवाच्या आईची पोच आहे.

लदीन झाली की उकडलेले चणे, वर ओल्या खोबऱ्याचे तुकडे. लदीन संपताना 'देवाच्या कोकरा' ही विनवणी तीनदा येते. दोनदा झालं की मुलं चुळबुळ करतात, तिसऱ्यांदा सुरू झालं की द्रोणांच्या दिशेने सरकतात. समोरच्या बिल्डिंगमधली मुलंही असतात. त्यांना ना जपमाळ येते ना क्रूसाची खूण नीट जमते, पण तिसरं कोकरू बरोबर ओळखता येतं. मध्येच लाईट गेली तर कोणाच्या लक्षातही येत नाही. घरातले लोक उलट बाहेर येतात आणि चणे कमी पडतात.

तर, अशा या मे महिन्यात, कुवेतहून सुट्टीला आलेल्या एका भल्या गृहस्थांनी चर्चला वातानुकूलन यंत्रणा बसवायची सूचना मांडली. सुरुवातीची मोठी रक्कम स्वतः देणार म्हणाले. माणूस मनापासून बोलत होता. तिसऱ्या रविवारी त्याची आई मिस्सेत घेरी येऊन पडली होती. मिस्सेनंतर बैठक झाली. मला त्याचं पटत होतं. उकाड्याचं कौतुक करायला आपण तरुण असावं लागतं.

मग हिशेब निघाले. इतकं उंच छप्पर गार करायचं तर खाली दुसरं आढं घालावं लागेल. खिडक्या काचेने बंद. दारं बंद. विजेचं बिल. आणि ते अठरा पंखे काढायचे, तर त्या अठरा कुटुंबांना कोण सांगणार? यावर थोडा वेळ सगळेच आपापल्या चपलांकडे बघत राहिले. माझ्या काकांनी तर खोकूनही घेतलं.

तेवढ्यात त्या आजी म्हणाल्या, "दार लावलं तर उशिरा येणाऱ्यांनी काय करायचं?"

फादर हसले. आमच्याकडे निम्मं गाव उशिरा येतं. पहिल्या वाचनाला कोणी व्हरांड्यात टेकतं, कोणी आंब्याखाली स्कूटर लावून तिथूनच क्रूसाची खूण करतं, कडेवर रडणारं मूल घेतलेल्या आया तर कायमच्या बाहेर. दारं सताड उघडी असतात म्हणून ही सगळी मिस्सेला 'होती' असं धरलं जातं. बैठकीतल्या बऱ्याच जणांनी मनातल्या मनात आपापली स्कूटर बघितली असणार. बंद दार ढकलून, चारशे माना वळलेल्या असताना, गारेगार शांततेत आत यायचं ही कल्पना कोणालाच मानवली नाही.

घेरी येणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी बाजूच्या दाराजवळ, म्हणजे आजोबांच्या जुन्या जागेपाशी, उभे राहणारे दोन मोठे पंखे घ्यायचे ठरले. ते कुवेतच्या काकांनी लगेच दिलेही. वातानुकूलनाचा विषय सविस्तर चर्चेसाठी नाताळानंतरच्या बैठकीत घ्यायचा, असं इतिवृत्तात लिहिलं गेलं. नाताळानंतर आमच्याकडे सकाळच्या मिस्सेला बायका शाली पांघरून येतात, आणि बोर्डावरची अठराच्या अठरा मंडळी बंद असतात.