पासवर्ड तर बरोबरच आहे

फोन वायफायला जोडला जात नाही म्हटलं, की घरातला जो तो आधी पासवर्डावर संशय घेतो. फोनही त्यातलाच. कधी ‘पासवर्ड तपासा’ म्हणतो, कधी नुसतं ‘सेव्ह केले’ म्हणून तोंड मिटून बसतो.

खरं म्हणजे नेमकं काय बिनसलं, ते त्यालाही ठाऊक नसतं. पासवर्ड हवेतून जातच नाही मुळी. वायफायची सुरक्षा सांभाळणाऱ्या, २००४ साली आलेल्या डब्ल्यूपीए२ची रीत अशी: फोन आणि राउटर आपापल्या जागी पासवर्डात नेटवर्कचं नाव मिसळून ४०९६ वेळा गणित घोटतात, त्यातून किल्ली काढतात, आणि पेपर सुटल्यावर पोरं उत्तरं ताडून पाहतात तसं ताडून पाहतात. जुळलं तर आत, नाही तर बाहेर. तोंडातून अवाक्षर न काढता गुपित माहीत असल्याचं पटवून द्यायचं! नागपुरात आमच्या महाल भागातल्या गल्लीत हे कोणालाच जमलेलं नाही.

काकाजींकडे धरमपेठेत नवा राउटर लागला. सगळ्यांचे फोन चालू, यांचाच तेवढा अडला.

“काऊन नाही लागून राहिला बे? पासवर्ड तं बरोबरच आहे!”

“पाहू द्या, काकाजी.”

कीबोर्डानं पहिलं अक्षर परस्पर मोठं केलं होतं का, शेवटी रिकामी जागा चिकटली होती का, ते पाहिलं. सुनबाईनं व्हॉट्सअ‍ॅपवर पासवर्ड पाठवताना मराठी आठ लिहिला असेल, अशीही शंका आली. आपल्याला दोन्ही आठच, पण फोनच्या लेखी मराठी आठ आणि इंग्रजी आठ ही निराळी अक्षरं. तसं काही नव्हतं. जुनं नेटवर्क ‘फर्गेट’ करून पुन्हा जोडलं. फोन बंद-चालू केला. काकाजी शेजारी बसून, “मी म्हटलं नव्हतं?” एवढंच म्हणत होते.

शेवटी राउटरच्या सेटिंगमध्ये सापडलं. तिथे सुरक्षा फक्त डब्ल्यूपीए३ ठेवलेली. ती आली २०१८ साली, आणि काकाजींचा फोन त्याच्या आधीचा. त्याला नाव दिसत होतं, पण ही नवी रीत ठाऊकच नव्हती. पासवर्ड कितीही जपून टाकला असता तरी काय उपयोग? डब्ल्यूपीए२ आणि ३ दोन्ही चालतील असं केलं आणि फोन झटक्यात लागला. कंपन्यांनी ‘तुमचा फोन जुना पडला’ एवढं स्पष्ट लिहायला काय हरकत आहे, देव जाणे.

“म्हणजे पासवर्ड बरोबरच होता ना?” काकाजींनी सुनबाईला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं.

आतल्या खोलीत मात्र रेंज एकच कांडी. राउटर हॉलच्या कोपऱ्यात, आणि त्याच्यापुढे पत्र्याचा भलामोठा कूलर, पोटात पाणी भरलेला. पत्रा लहरी परतवतो, पाणी शोषून घेतं. कूलर जरा सरकवू म्हटलं, तर मे महिन्यातल्या त्या दुपारी काकाजींनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी निमूटपणे राउटरसाठी दुसरा खिळा शोधायला लागलो.