छोट्या ट्रॅक्टरचं पेट्रोल कुठं गेलं

पत्र्याच्या खोलीचं कुलूप काढतानाच वास आला. दार उघडलं तर खाली जमीन काळी पडलेली, आणि एअर फिल्टरच्या सांध्यातून थेंब पडतोय. थांबून मोजलं. दर चार-पाच सेकंदाला एक.

मुळेगावच्या पुढं आमची तीस गुंठे जमीन आहे. लिंबाची झाडं, कडेनं शेवगा. गवत काढायला दोन हातांनी धरून मागं चालायचं पेट्रोलचं यंत्र आहे. कंपन्या त्याला पॉवर विडर म्हणतात, आमच्या घरात सगळे छोटा ट्रॅक्टरच म्हणतात. २०१४ मध्ये जुनाच घेतला होता. इंजिन १६३ सीसीचं, चार स्ट्रोकचं. जानेवारीत, गड्ड्याच्या जत्रेच्या आठवड्यात शेवटचा चालवला आणि तसाच लावून ठेवला, टाकीत थोडं पेट्रोल ठेवून. मग मार्च, एप्रिल, मे. सोलापूरचा मे महिना आणि वर पत्रा. आत काय तापत असेल ते सांगायला नको.

मृगाचा पाऊस झाला, गवत वर आलं, तसा आदल्या संध्याकाळी मी दोन लिटर पेट्रोल आणून ओतलं, कॉक उघडला, दोरी ओढली. चालू झाला नाही. दिवस मावळला म्हणून कुलूप लावून घरी आलो. कॉक उघडाच राहिला. चूक तिथं झाली.

सकाळी बरोबर धाकट्या भावाचा मुलगा होता, बारावीत आहे. तो म्हणाला, "काका, पेट्रोल गळलालंय की!" मी कॉक बंद केला. थोड्या वेळानं थेंब थांबला. एवढ्यावरून एक गोष्ट पक्की झाली की टाकी फुटलेली नाही, वरची नळीही तडकलेली नाही. गळती कॉकच्या पुढं आहे, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणाऱ्या कार्बोरेटरमध्ये.

टाकीत बघितलं तर तळाला बोटभर राहिलेलं. दोन लिटर गेलं कुठं? जमिनीवरचा डाग परातीएवढा. वास होता, पण सगळं उडून जाईल एवढी रात्र मोठी नव्हती. मी हा हिशेब करत असतानाच पोरानं दोरी धरली आणि ओढली. अर्ध्यावर अडली. तो पाय रोवून जोर लावणार तेवढ्यात मी त्याचा हात धरला.

सव्वीस वर्षं मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, होतो. माग अडला की आधी हात काढायचा, मग बघायचं, हे अंगात मुरलंय. फिरणारी वस्तू फिरत नाही तेव्हा आत काहीतरी आहे. इथं आत पेट्रोल होतं. हवा दाबली जाते, पेट्रोल दाबलं जात नाही. सिलिंडर पेट्रोलनं भरलेला असताना दोरीला जोर दिला तर पिस्टनला धरणारा कनेक्टिंग रॉड वाकू शकतो, आणि मग कार्बोरेटरचं काम राहतं बाजूला, इंजिनच खोलावं लागतं.

यंत्र ढकलत बाहेर मोकळ्या हवेत आणलं. स्पार्क प्लग काढला, त्याची वायर लांब वळवून ठेवली म्हणजे ठिणगी पडायला नको. मोबाईल खोलीत ठेवायला लावले. मग दोरी हळू, अगदी हळू ओढली. प्लगच्या भोकातून पेट्रोलची चूळ बाहेर आली. पोराचा चेहरा बघण्यासारखा झाला. पण तेवढ्यानं दोन लिटरचा हिशेब लागत नव्हता.

मग ऑईलचं बूच फिरवलं. या इंजिनात बरोबर पातळी म्हणजे यंत्र सपाट जागेवर असताना ऑईल भोकाच्या कडेपर्यंत. साधारण ६०० मिली बसतं. आमचं बूच पूर्ण सुटायच्या आतच ऑईल हातावरून खाली वाहायला लागलं. रंग चहासारखा, पातळ पाण्यासारखं, आणि वास निव्वळ पेट्रोलचा. खाली डबा धरून ड्रेनचा बोल्ट काढला आणि सगळं मापात ओतलं तर दीड लिटरच्या वर भरलं. हातावरून, जमिनीवर गेलं ते वेगळंच.

हे मला सगळ्यांना कळकळीनं सांगायचं आहे. कार्बोरेटर गळायला लागला की आपण बाहेरचा थेंब बघतो, कारण तो दिसतो, वास येतो, पैसे वाया जाताना डोळ्यांना दिसतात. पण कार्बोरेटरच्या खालच्या वाटीत पेट्रोल वर चढलं की ते मधल्या नळीतून हवेच्या वाटेत उतरतं. तिथून काही एअर फिल्टरकडं बाहेर येतं आणि काही आत इंजिनाकडं जातं. हवा-पेट्रोल आत घेणारा इनलेट व्हॉल्व्ह त्या वेळी उघडा राहिला असेल तर सिलिंडरमध्ये, आणि पिस्टनच्या रिंगांच्या कडेनं झिरपत खाली ऑईलमध्ये. आमच्या इंजिनाला ऑईलपंप नाही. कनेक्टिंग रॉडच्या खाली एक चमचा असतो, तो फिरताना ऑईल उडवतो आणि त्या उडण्यावर सगळं वंगण चालतं. तिथं पेट्रोल मिसळलेलं पाणचट ऑईल असेल तर इंजिन चालू होईल, आवाजही सुरुवातीला नीट येईल, आणि आत धातूवर धातू घासत राहील. म्हणून गळती दिसली की आधी ऑईलचं बूच उघडा. कार्बोरेटरला हात नंतर.

एअर फिल्टर काढला. स्पंज पेट्रोलनं चिंब. इंजिनाचा वेग सांभाळणाऱ्या गव्हर्नरची स्प्रिंग आणि काडी कुठल्या भोकात आहे त्याचा फोटो लांब ठेवलेला मोबाईल आणून, तोही वास जाऊन जमीन वाळल्यावर काढला. ही स्प्रिंग चुकीच्या भोकात गेली की इंजिन वर-खाली श्वास घेतल्यासारखं चालतं आणि माणूस नव्या कार्बोरेटरला दोष देत बसतो. दहाच्या पान्यानं दोन नट काढले आणि कार्बोरेटर हातात आला.

तो घेऊन घरी आलो, कन्ना चौकाच्या मागं. गच्चीवर स्टीलच्या ताटात सगळं खोललं. ताट असं घ्यायचं की घरच्यांनी परत मागू नये. खालच्या वाटीचा एक बोल्ट, तोही दहाचाच. वाटी निघाली तर तळाला तपकिरी चिकट थर, वाळलेल्या काकवीसारखा. महिनोन् महिने उभं राहिलेलं पेट्रोल उन्हानं उडून जातं आणि जड भाग मागं राहतो, तोच हा.

आता वाटीतली रचना सांगतो, कारण ती इतकी साधी आणि इतकी सुंदर आहे की मला ती बघताना दरवेळी समाधान वाटतं. आपल्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत चेंडूचा नळ असतो ना, तेच. पेट्रोल भरत जातं, प्लास्टिकचा फ्लोट वर उचलला जातो, तो एका बारीक सुईला वर ढकलतो, सुई पितळी भोकात बसते आणि पेट्रोल बंद. इंजिनानं पेट्रोल ओढलं की फ्लोट खाली, सुई खाली, परत पेट्रोल सुरू. दिवसभर हे मिनिटाला कितीदा होत असेल. गळती म्हणजे एवढंच की सुई बसायला हवी तेव्हा नीट बसत नाही. एकतर फ्लोट फुटून आत पेट्रोल शिरलेलं असतं, नाहीतर भोकाच्या कडेला कचरा असतो, नाहीतर सुईचं टोक झिजलेलं असतं.

फ्लोट कानाजवळ हलवला. आत काही खळखळलं नाही. तरी गरम पाण्यात बुडवून धरला. बारीक भोक असेल तर आतली हवा तापून बुडबुडे येतात. आले नाहीत. फ्लोट चांगला.

सुई मात्र डोळ्यांना ठीक दिसत होती. टोकाला रबराची टोपी, निमुळती. पोरगा म्हणाला, "ही तर चांगलीच आहे की." मी आत जाऊन कपाटातून माझी धागे मोजायची काच आणली. चादरीच्या, टॉवेलच्या कापडावर ठेवून इंचात किती धागे बसलेत ते मोजायची, घडीची पितळी काच. माग गेले, ती काच मी ठेवली आहे. तिच्याखाली सुई धरली आणि पोराला दाखवली. टोपीला गोल फिरून एक खाच पडली होती. वर्षानुवर्षं त्याच जागी त्याच कडेवर बसून, इंजिनाच्या थरथरीनं घासून पडलेली. खाचेतून पेट्रोलला वाट मिळत होती. साध्या डोळ्यांनी बघून मी तीच सुई पुसून परत बसवली असती तर आठ दिवसांत पुन्हा हीच कथा.

वाटीची रबरी रिंगही फुगली होती. तिच्या खोबणीत बसेना, एका बाजूनं बाहेर यायची. रात्रभर ताटात राहिली तर सकाळी आक्रसली आणि दाबली की चिरा दिसायला लागल्या. जुन्या रबराला इथेनॉल मानवत नाही. फेब्रुवारी २०२३ पासून देशात २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल पंपांवर यायला लागलं. आमचं यंत्र त्याच्या कितीतरी आधीचं. इथेनॉल हवेतलं पाणीही ओढून घेतं, म्हणून असं पेट्रोल पावसाळी हवेत महिनोन् महिने ठेवण्याची वस्तू नाही.

माढ्याकडचे आमचे दाजी ऊस घालतात. त्यांना फोनवर हे सांगितलं तर म्हणाले, "मग आमच्या उसानंच तुमची रिंग फुगवली म्हणा." एका अर्थी खरं आहे. आपल्या जिल्ह्यात इतके साखर कारखाने, मळीपासून आणि रसापासून इथेनॉल निघतं, आणि त्या पैशावर कितीतरी घरं चालतात. मी त्याच्या विरुद्ध नाही. पण जुनी यंत्रं ज्यांच्याकडं आहेत त्यांना रबर बदलून घ्या, हे कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं होतं. पंपावर गाडी भरताना कुणी सांगत नाही.

सुट्या भागांच्या दुकानात गेलो तर काउंटरवरच्या माणसानं पहिलं वाक्य टाकलं, "काका, अख्खा कार्बोरेटर बदला, साडेसहाशेला येतोय, डोक्याला ताप नको." जो माणूस दिवसाला शंभर गिऱ्हाइकं बघतो त्याचं तेही बरोबर असेल. पण जुन्या कार्बोरेटरची पितळी बैठक गुळगुळीत होती, पेट्रोल मापानं सोडणाऱ्या जेटचं भोक शाबूत होतं. चांगलं अंग फेकून द्यायला माझं मन होत नाही. सुई, रिंग, बोल्टचा वायसर आणि गॅस्केटचा संच १८० रुपयांना मिळाला. बरोबर जुनी सुई नेली होती, लांबी शेजारी ठेवून बघितली. हे करायलाच हवं. सुई केसभर लांब-आखूड असली तरी वाटीतली पातळी बदलते.

साफसफाईला अर्धा दिवस गेला. मेन जेटमध्ये लोखंडी तार किंवा टाचणी कधी घालू नये, पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं. मी वायरीतली तांब्याची एक बारीक तार वापरली आणि उजेडाकडं धरून भोक गोल दिसेपर्यंत थांबलो. पितळी बैठक काडीला सुती चिंधी गुंडाळून फिरवून फिरवून पुसली. चिंधी तीनदा काळी आली, चौथ्यांदा स्वच्छ.

जोडल्यावर यंत्रावर चढवायच्या आधी एक तपासणी करतो, ती पोरालाही करायला लावली. पेट्रोल येतं त्या तोंडाला धुतलेली, कोरडी नळी लावायची. कार्बोरेटर सरळ धरून फुंकलं की हवा जाते, कारण फ्लोट खाली लोंबतो. उलटा धरला की फ्लोटच्या वजनानं सुई बसते, तेव्हा फुंकर अडली पाहिजे. गाल फुगले पाहिजेत आणि हवा अजिबात जाता कामा नये. जुनी सुई घालून फुंकलं तर बारीक सुस्कारा ऐकू येत होता. नवीन घालून पूर्ण बंद. पोरानं दोन्ही पाच-सहा वेळा करून बघितलं. त्याला ते इतकं आवडलं की जेवायला हाक मारली तरी उठेना.

दुसऱ्या दिवशी शेतावर. आधी नवीन ऑईल भरलं, कार्बोरेटर चढवला, फोटो बघून स्प्रिंग लावली, प्लग वाळवून बसवला. कॉक उघडला आणि खाली जुनं वर्तमानपत्र पसरून आम्ही दोघं लिंबाखाली बसलो. अर्धा तास. कागद कोरडा. तिसऱ्या ओढीला इंजिन चालू झालं, आधी पांढरा धूर, मग साफ. दहा मिनिटं चालवून बंद केलं आणि ते ऑईलही गरम असतानाच काढून टाकलं. कोपऱ्यात राहिलेलं पेट्रोल त्यात उतरलेलं असतं. पुन्हा ६०० मिली भरलं. दोन वेळचं ऑईल धरून खर्च सातशेच्या आसपास गेला. काढलेलं सगळं डब्यात बंद करून गॅरेजवाल्याला दिलं, बांधावर ओतलं नाही.

त्या दिवशी लिंबाच्या सहा ओळी झाल्या. शेवटच्या दोन पोरानं मारल्या.

आता काम संपलं की मी आधी कॉक बंद करतो आणि इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू देतो, म्हणजे वाटी रिकामी होते. कॉकच्या खालचा गाळाचा कप मात्र अजून हाताला ओलसर लागतो. त्याची रिंग संचात नव्हती. दुकानदारानं सोमवारी बोलावलंय, जुनी रिंग बरोबर घेऊन जाणार आहे. तोवर यंत्राखाली कागद पसरून ठेवलाय.