खुर्चीची पाठ

गोव्यात सासष्टीतल्या एका जुन्या घराच्या बारा खुर्च्यांचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा मालकांची अट एकच होती: चारी बाजूंनी आरशासारखं पॉलिश. डिसेंबरात घरात लग्न होतं. मी हो म्हटलं आणि पाऊस सरता सरता त्यांच्याच मागच्या पडवीत काम मांडलं.

मी सावंतवाडीचा. घरात सुतारकी तिसऱ्या पिढीची. बावीस वर्षं जुनं लाकूडसामान दुरुस्त करतोय, त्यातलं निम्मं गोव्यात. तिथे मला सगळे 'मेस्त' म्हणतात. आपला मेस्त्री हा शब्द पोर्तुगीज 'मेस्त्रे'वरून आला आणि कोकणीतली 'कदेल', म्हणजे खुर्ची, त्यांच्या 'कादेइरा'वरून. घडवणारे हात मात्र इथलेच. सोळाव्या शतकातच चर्चच्या परिषदांनी हिंदू कारागिरांना चर्चचं काम देऊ नये असे ठराव केले होते, तरी वेदीपासून खुर्चीपर्यंत बरंच काम त्यांच्याकडूनच होत राहिलं. हे मी काही शाळेत शिकलो नाही. या कामात पडल्यावर वाचत गेलो.

खुर्च्या अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या, शिसवी. दहा बिनहाताच्या, दोन हातांच्या. पुढून पाहावी तर नजर हटत नाही. गुडघ्यात वाकलेले पाय, खाली पंजात धरलेला गोळा, पाठीच्या मधल्या फळीवर शिंपला आणि पानं. नमुना लिस्बनचा, आणि लिस्बनने तो बराचसा लंडनच्या खुर्च्यांवरून उचललेला. तिकडे त्यासाठी ब्राझीलहून लाकूड यायचं, इथे घाटातला शिसव होता. बैठक वेताची, कारण या दमट हवेत गादी टिकत नाही आणि ढेकूण मात्र टिकतात.

त्या काळी कोण कशावर बसतं यावरून माणसाची पायरी ठरायची. फ्रान्सच्या राजाच्या व्हर्साय दरबारात राणीसमोर बसण्याचा मान डचेसबायकांना होता, पण बसायचं बिनपाठीच्या, बिनहाताच्या स्टुलावर, आणि तेवढ्यासाठीही घराण्याघराण्यांत चुरस असे. आपल्याकडे याच्या उलट रीत. १७९० मध्ये पेशव्यांच्या दरबारात तह करायला आलेला इंग्रज वकील मॅलेट आणि त्याची माणसं खाली बैठकीवर बसली आहेत, असं थॉमस डॅनियलचं मोठं चित्र आहे. पुण्यात साहेबाला जमिनीवर बसावं लागत होतं, त्याच सुमाराला दक्षिणेला थोड्या दिवसांच्या वाटेवर ह्या खुर्च्या दिवाणखान्यात मांडल्या जात होत्या. हातांची खुर्ची घरधन्याची आणि मोठ्या पाहुण्याची. कुळं आणि मुंडकार, म्हणजे भाटकाराच्या जमिनीवर घर करून राहणारे, उभे, किंवा फार तर पायरीवर.

अशी खुर्ची उलटी केली की दुसरंच काही दिसतं. पाठीमागे पॉलिश नाही, नक्षी नाही, रंधासुद्धा फिरवलेला नाही. वाकसाचे, म्हणजे लाकूड तासायच्या हत्याराचे, घाव तसेच. नवख्याला वाटतं, कामचुकारपणा केलाय. तसं नाही. युरोपातल्या मोठ्या घरांत तेव्हा खुर्च्या भिंतीला लावून ठेवत, लागेल तेव्हा ओढून घेत. फ्रान्सात तर भिंतीजवळच्या खुर्च्या आणि हलवायच्या खुर्च्या असे दोन वेगळे प्रकारच होते. भिंतीकडची बाजू कोण बघणार? इथेही तीच पद्धत. मागच्या खुरांच्या रेषांत चुन्याचे पांढरे कण अडकलेले होते, कित्येक वर्षांच्या सफेदीचे.

मालकांना पाठ गुळगुळीत हवी होती. आता खुर्च्या मांडवाच्या मधोमध ठेवायच्या, फोटो सगळीकडून निघणार. पहिल्यांदा मळ काढायचा म्हणून मी एक खुर्ची आडवी घातली आणि स्पिरिटमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा वरच्या पट्टीच्या मागून फिरवला. बोळा लगेच काळा झाला. दुसरा, तिसरा, चौथा. तिथे दोन जागी, वीतभर अंतरावर, लाकूड गडद आणि मऊ होतं, बाकीची पट्टी खरखरीत. तेलकट डाग असेल असं समजून मी ते पार साफ केलं आणि खाली कोरं जांभळट लाकूड निघालं.

दुसरी खुर्ची लांब होती. ती आणायला उठलो तेवढ्यात घरात काम करणाऱ्या बाई म्हणाल्या, "तुमी रावात, हांव काडटां." सत्तरीच्या पुढच्या बाई, त्यांची आईसुद्धा याच घरात राबलेली. त्या खुर्चीमागे उभ्या राहिल्या, दोन्ही हात पट्टीवर ठेवले, खुर्ची किंचित मागे कलवली आणि फरशीला ओरखडा न उठवता सरकवत आणली. त्यांनी हात काढले. हाताखाली तेच दोन गडद डाग होते.

मी उरलेल्या अकराही खुर्च्यांच्या पाठी एकेक करून उजेडाला धरल्या. प्रत्येकीवर दोन डाग. कुठे फिके, कुठे अंगठ्याएवढा खळगासुद्धा पडलेला. शिसवासारख्या लाकडात खळगा पडायला किती जणांचे हात, किती वर्षं लागली असतील! बसणाऱ्याने पुढची नक्षी पाहिली. ती खडबडीत बाजू पाहिली ती जेवणाच्या वेळी मागे उभं राहून खुर्ची ओढणाऱ्यांनी. अठराव्या शतकात गोव्याच्या श्रीमंत घरांत आफ्रिकेतून आणलेले गुलामही होते, पुढे मुंडकारांची माणसं. त्यांची चित्रं कुणी काढून घेतली नाहीत. त्यांच्या तळव्यांचा घाम मात्र या लाकडात मुरला होता, आणि मी चार बोळ्यांत एका खुर्चीवरचा तो पुसून टाकला होता. हात थरथरायला लागले. त्या दिवशी पुढे काम केलं नाही.

संध्याकाळी मालकांना बोलावलं. बोलण्यात मी कच्चा, म्हणून बाईंना विनंती केली, पुन्हा एकदा खुर्ची हलवून दाखवा. त्या जरा संकोचल्या, पण त्यांनी दाखवली. मालक कितीतरी वेळ काही बोलले नाहीत. मग स्वतः मागे गेले, बाईंनी सोडलेल्या जागी हात ठेवून पाहिले आणि एवढंच म्हणाले की पाठीला हात लावू नका. लग्नात खुर्च्या भिंतीलाच राहतील.

पुढे वेत भिजवून विणला, ढिले कुसू बसवले, पुढच्या बाजूला मेण दिलं. मागे फक्त कोरड्या ब्रशने धूळ झाडली. चुन्याचे कणही ठेवले.

साफ केलेल्या खुर्चीवर तेल-काजळ घालून डाग परत आणता येतील का, असं मालकांनी विचारलं. येतील, पण मी केलं नाही. खोटा मळ लावायचा नाही. बैठकीच्या चौकटीत आतून सुताराने पटाशीने अनुक्रमाच्या खाचा मारलेल्या आहेत, या खुर्चीवर सात. कामाच्या वहीत तिच्यापुढे लिहिलं: खुर्ची ७, पाठीवरच्या हातांच्या खुणा पुसल्या गेल्या, चूक माझी. त्या पानाची एक प्रत मालकांच्या कागदांत ठेवायला दिली आणि खाली सही केली.