तुम्ही विचारलंत म्हणून: वर्दी सोडून बुलेटप्रूफ जॅकेटांच्या कारखान्यात का गेले

एकदाच लिहून टाकते, म्हणजे पुढच्या लग्नात किंवा बॅचच्या ग्रुपवर कोणी विचारलं की हेच पाठवून देता येईल. प्रश्न ठरलेला आहे. "एमपीएससी काढून पीएसआय झालीस, एपीआय झालीस, पीआयचं प्रमोशन दारात होतं, आणि ते सगळं सोडून कारखान्यात शिवणकाम करायला गेलीस?" आत्या विचारते तेव्हा त्यात काळजी असते. बॅचमेट विचारतात तेव्हा "किती सुटतात गं महिन्याला" एवढंच विचारायचं असतं. आणि जे स्पष्ट विचारत नाहीत ते मनात म्हणतात, खात्यात ओळखी आहेत, त्या विकून खातेय.

शिवणकाम मी करत नाही, आधी ते. येतच नाही मला. आमच्याकडे ज्या बायका अरामिडचे, म्हणजे गोळी अडवणाऱ्या चिवट कापडाचे, थर कापतात त्यांचं काम तुम्ही एक तास करून दाखवा, साधी कात्री त्या कापडाला नुसती चावत बसते, धाग्याची कुसं निघतात आणि कात्री बोथट. मी फिटिंग आणि ट्रायल बघते, म्हणजे माल माणसाच्या अंगावर बसतो का, तो घालून पळता येतं का, वाकता येतं का, आणि माल गेल्यावर तिकडच्या भांडारातल्या लोकांना तो ठेवायचा कसा ते सांगते. ओळखींचं म्हणाल तर खरेदी जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर होते, टेंडर निघतं, एल वन म्हणजे सगळ्यात कमी रेटवाल्याला ऑर्डर जाते, त्यात माझ्या ओळखीने काडीही हलत नाही. बरं, हलत नाही हे खरं, पण कंपनीने मला घेतलं तेव्हा मी एपीआय होते हे त्यांना आवडलं होतं, मीटिंगला मला पुढे बसवतात, हेही खरं. आणि पगार बरा आहे. जुनी पेन्शन तशीही नव्हती, 2005 नंतरची भरती आमची, त्यामुळे "पेन्शनवर लाथ मारलीस" हे तरी म्हणू नका.

दुसरा प्रश्न जॅकेटाचा, आणि तो 26/11 ला गेलेल्या करकरे साहेबांपाशीच येतो. "त्यांनी घातलं होतं ना, मग?" दर वेळी. आता ऐका. गोळ्या मानेच्या आणि खांद्याच्या मधल्या भागात लागल्या असं तेव्हाच छापून आलं होतं, तिथे जॅकेट नसतंच, कुठल्याच कंपनीचं. पण ते जॅकेट चांगलं होतं की वाईट हे आता कोणी छातीठोक सांगू शकत नाही, कारण त्यांच्या पत्नी कविताताईंनी माहिती अधिकारात विचारलं तेव्हा कळलं की जॅकेटच गहाळ झालंय. एवढा मोठा अधिकारी जातो आणि त्याच्या अंगावरची वस्तू हॉस्पिटलातून नाहीशी होते, कोणी सील करून मुद्देमालात लावत नाही. मला ते नाहीसं होणं जास्त लागतं, पण लोकांना जॅकेट चांगलं होतं का एवढंच विचारायचं असतं. आणि त्याच रात्री गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे एक लाठी घेऊन एके-47 समोर गेले, त्यांच्या जॅकेटाबद्दल कोणी विचारत नाही, कारण नव्हतंच.

"गॅरंटीने वाचेल का?" याचंही उत्तर देऊन टाकते. नुसतं मऊ पॅनलचं जॅकेट पिस्तुलाच्या गोळीसाठी, रायफलीसाठी आत कडक प्लेट लागते, सिरॅमिकची वगैरे. टेस्टला जॅकेट मातीच्या ठोकळ्यावर बांधून गोळी मारतात आणि गोळी अडली तरी मागे मातीत खड्डा किती खोल पडला ते मोजतात, अमेरिकेच्या एनआयजे (तिकडच्या न्याय खात्याची संस्था) मानकात 44 मिलिमीटरपर्यंत पास. 44 मिलिमीटर म्हणजे किती ते स्वतःच्या छातीवर बोट ठेवून बघा. वाचेल, पण फासळी मोडली तर तक्रार नको. आपलं स्वतःचं राष्ट्रीय मानक, आयएस 17051, ते 2018 मध्ये आलं, 26/11 नंतर दहा वर्षांनी. त्याआधी जो तो आपापल्या अटी लिहून माल घ्यायचा.

पण मी गोळीच्या जॅकेटामुळे नाही सोडली नोकरी. दगडामुळे म्हणा हवं तर.

गाव सांगत नाही, उत्तर महाराष्ट्रातलं, मिरवणुकीचा बंदोबस्त. माझ्या पॉइंटला महिला अंमलदार होत्या, सगळ्यांना दंगलीचं साहित्य दिलेलं, हेल्मेट, ढाल, लाठी आणि बॉडी प्रोटेक्टर. ज्यांनी घातलेला नाही त्यांच्यासाठी सांगते, आत फोम, वर कडक प्लास्टिकच्या प्लेटा, छाती, पाठ, खांदे, मांड्या, नडग्या, सगळं पट्ट्यांनी आवळायचं आणि त्यातल्या दोन पट्ट्या पाठीमागे येतात. म्हणजे एकटीला घालता येत नाही, काढता येतो. सकाळी सातला उभ्या केल्या. मिरवणूक दुपारची, निघाली संध्याकाळी. पाणी कोणी प्यायचं नाही, कारण पाणी प्यायलं की बाथरूम शोधावं लागतं, आणि बाथरूमला जायचं तर ते सगळं चिलखत उतरवावं लागतं, कोणाच्या तरी घरात, अनोळखी बाईच्या मोरीत. हे कुठल्याच बंदोबस्त स्कीममध्ये लिहिलेलं नसतं. पुरुष अंमलदार भिंतीपाशी जाऊन येतात, सॉरी, पण असंच आहे.

त्यातली एक, नाव नाही सांगत, चारच्या सुमाराला मला विचारून गेली. मीच परवानगी दिली आणि आजही देईन. एका म्हाताऱ्या आजींच्या घरी गेली. ती आत असतानाच चौकात काहीतरी झालं, काय झालं ते अजून कोणालाच धड माहीत नाही, गुलालावरून म्हणतात, डीजेवरून म्हणतात, आणि दगड सुरू झाले. ती बाहेर पळत आली ती हेल्मेट डोक्यावर, प्रोटेक्टर गळ्यातून घातलेला पण मागचे पट्टे लोंबताहेत, कारण आजींना ते क्लिप कसे लावायचे कळेना आणि ही थांबेना. थांबली असती तर कोणी काही म्हटलं नसतं, आतून कडी लावून बसली असती तर सहीसलामत असती. ती लाइनमध्ये येऊन माझ्या डाव्या हाताला उभी राहिली आणि ढाल वर केली. ढाल वर केली की प्रोटेक्टरचं खांद्याचं कवच वर सरकतं आणि गळपट्टीशी फट पडते, घट्ट बांधलेला असला तरी थोडी पडतेच. अर्धी वीट आली. आवाज मला ऐकू आला. प्लास्टिकवर वीट लागली की टप्प असा पोकळ आवाज येतो, तो दिवसभरात खूप ऐकला होता, हा तसा नव्हता. ती ओरडली नाही. ढाल खाली गेली तिची, आणि मला म्हणाली, "मॅडम, हात उचलत नाहीये." कॉलर बोन दोन ठिकाणी मोडलं होतं.

तिला गाडीत घालून पाठवलं, पुढचं सगळं नेहमीसारखं झालं, जमावबंदी, धरपकड, रात्रभर एफआयआर. खरी गोष्ट त्यानंतरची आहे. जखमी कर्मचाऱ्याचा अहवाल पर्यवेक्षक म्हणून मी लिहायचा. मी दीड पान लिहिलं. पट्टे मागे आहेत, एकटीला लावता येत नाहीत, माप पुरुषाच्या छातीवरून घेतलेलं आहे, खांदा रुंद पडतो, छातीची प्लेट बाईच्या अंगावर सपाट बसत नाही म्हणून बाजूला उघडं राहतं, ढाल उचलली की फट पडते. वरिष्ठांनी वाचलं, चहा मागवला, आणि शांतपणे म्हणाले, "एवढं लांबण कशाला? घटनेच्या वेळी साहित्य पूर्णपणे परिधान केलेले नव्हते, एवढं वाक्य पुरे. खरंच आहे ना ते?"

खरंच होतं ते, हीच तर पंचाईत. माणूस वाईट नव्हते, तिला मेडिकल बिल, रजा सगळं त्यांनीच धावपळ करून मिळवून दिलं. पण माझं दीड पान वर गेलं असतं तर साहित्य कोणी पास केलं, कोणत्या स्पेसिफिकेशनवर घेतलं हे निघालं असतं, आणि त्या एका वाक्याने सगळं तिच्या अंगावर संपत होतं. मी म्हटलं सर, मी हे बदलणार नाही. ते म्हणाले नका बदलू, मी माझा अभिप्राय खाली लिहितो. तो त्यांनी लिहिला, तेच एक वाक्य. वाचणारे अभिप्राय वाचतात, दीड पान नाही.

तिची खातेनिहाय चौकशी वगैरे झाली नाही, पण सक्त ताकीद मिळाली. सेवापुस्तकात नाही, तोंडी. तिने मला नंतर एवढंच विचारलं की मॅडम, मी पट्टे लावत बसले असते तर बरं झालं असतं का. मी उत्तर दिलं नाही. अजून नाही.

आता यावर माझ्यातलीच जुनी पीएसआय मला काय म्हणेल ते मला पाठ आहे. नाशिकच्या अकादमीतून नवीन आले तेव्हा मी रोलकॉलला ओरडायचे, हेल्मेट काखेत दिसलं तर रिपोर्ट पाठवेन म्हणून. मला तेव्हा वाटायचं लोक आळशी आहेत, उकडतं म्हणून काढून ठेवतात आणि मग डोकी फुटली की खात्याच्या नावाने बोंबलतात. ती म्हणेल, "बाई, तू आता कंपनीच्या बाजूने बोलतेस, माल बदला म्हणजे नवीन ऑर्डर. पट्टा लावला असता तर वीट खांद्याच्या कवचावर गेली असती." असेलही. नंतर कारखान्यात मी तसाच प्रोटेक्टर मागवून, त्या जखमी अंमलदाराच्या अंगलटीच्या आमच्या एका हेल्परला घालून, सगळे पट्टे आवळून ढाल उचलायला लावली. गळ्यापाशी चार बोटं मावली. पण म्हणून ती वीट तिथेच गेली असती की नाही हे त्या चार बोटांवरून ठरत नाही. आणि ती जुनी पीएसआय सगळी चूक नव्हती, हेल्मेट डोक्यावर असलं पाहिजे म्हणजे पाहिजेच, मी आजही ट्रेनिंगला तेच सांगते, फक्त ओरडत नाही. कंपनीत ओरडता येत नाही.

कारखान्यात येऊन सुटका झाली असं समजू नका. इथे येताना वाटलं होतं आता मुळाशी हात घालू. 1965 मध्ये केव्हलारचा, म्हणजे जॅकेटांतल्या अरामिडचाच, धागा ज्यांच्या हातून सापडला त्या स्टेफनी क्वोलेक, ड्यूपाँटमधल्या बाई. आणि तरी बाईच्या मापाचं जॅकेट नीट तपासायचं कसं यासाठी चाचणीची पद्धत सुधारली ती एनआयजेच्या 2023 च्या मानकात. बाईच्या छातीला बसेल असा आकार द्यायचा तर पॅनलला घडी किंवा शिवण येते, तिथे थर हलतात, तिथेच गोळी मारून बघावं लागतं, खर्च वाढतो. आम्ही दंगलीच्या प्रोटेक्टरचा वेगळा कट काढला, पट्टे पुढे आणले, खाली काढता येईल असा मांडीचा भाग वेगळा केला म्हणजे बाथरूमला वरचं उतरवायला नको. छान झालाय, मला अभिमान आहे त्याचा. रेट थोडा जास्त पडतो. टेंडरमध्ये वेगळा कट मागितलेलाच नसतो, मग एल वन कोण होणार ते तुम्हीच सांगा.

आणि माल चांगला गेला तरी पुढे काय होतं तेही बघते. अमेरिकेत झायलॉन नावाच्या धाग्याची जॅकेटं निघाली होती, हलकी, पातळ, सगळे खूश. 2003 मध्ये पेनसिल्व्हेनियात एका अधिकाऱ्याच्या जॅकेटातून गोळी आरपार गेली, आणि चौकशीत निघालं की दमटपणाने धागा कमजोर होतो. 2005 मध्ये एनआयजेने ती बाद केली. ही गोष्ट मी भांडारात ट्रेनिंगला सांगते, सगळे मान हलवतात, आणि मागच्या भिंतीला जॅकेटं खिळ्याला टांगलेली असतात, खिडकीच्या उन्हात. एका ठिकाणी तर पॅनल न काढता धुवायला टाकली होती. जॅकेटाचं वॉरंटी लेबल कोणी वाचत नाही, आणि वाचून करणार काय, नवीन यायला बजेट लागतं.

ती अंमलदार अजून खात्यातच आहे. मागे फोन आला होता, नव्या प्रोटेक्टरचे फोटो मी पाठवले होते म्हणून. म्हणाली छान आहे, आमच्याकडे कधी येणार. मग म्हणाली, "मॅडम, तुम्ही गेलात, आम्ही आहोत तिथेच आहोत." चिडून नाही म्हणाली. 2022 मध्ये महिलांना आठ तासांची ड्युटी जाहीर झाली तेव्हा तिनेच मला मेसेज टाकला होता, हसण्याचे इमोजी टाकून, मिरवणुकीच्या बंदोबस्तातूनच. आत्या विचारते की वर्दीची आठवण येते का, तेव्हा मला तिचं हे वाक्य आठवतं आणि मी विषय बदलते. येते आठवण. खोटं कशाला बोलू, सलाम ठोकलेला आवडायचा मला.

आता सध्याचं सांगते. एका पोलीस घटकातला माझा बॅचमेट, सामान खरेदीच्या कमिटीवर आहे, त्याने विचारलं महिलांसाठी प्रोटेक्टर घ्यायचेत, काय करू. मी त्याला सांगितलं स्पेसिफिकेशनमध्ये वेगळा कट लिही, कोणाचाही घे, आमचाच घे असं नाही. आणि मापांचा तक्ता पाठवला, प्रत्येकीचं माप घेऊन भर म्हटलं. त्याने परत पाठवला, सगळ्यांपुढे एल साइज. मी विचारलं हे काय, तर म्हणाला अगं एल सगळ्यांना होतं, कमी पडलं तर पंचाईत, सैल असलं तर पट्टा आवळतील. मी त्याच्याशी अजून भांडतेय. आमचा सेल्सवाला म्हणतो मॅडम भांडू नका, ऑर्डर जाईल, आणि गेली तर दुसरा कोणीतरी पुरुषी कटचेच एल देऊन मोकळा होईल, निदान आपले एल तरी बरे आहेत. त्याचंही चूक नाही. 31 मार्चला बजेट लॅप्स होतं, त्यामुळे जे काय ठरायचं ते त्याच्या आतच ठरणार.