पालावरची आई आणि गृहचौकशीचा अहवाल

बाल संरक्षणाच्या क्षेत्रात काम करताना माझे एक मत दिवसेंदिवस पक्के होत गेले आहे. मूल आईवडिलांकडे परत जाणार की बालगृहात राहणार, याचा आदेश बाल कल्याण समिती काढत असली, तरी तो बरेचदा त्याआधीच गृहचौकशीच्या, म्हणजे मुलाच्या घरी जाऊन केलेल्या तपासणीच्या, अहवालातल्या चार-पाच वाक्यांत ठरून गेलेला असतो. दमनविरोधी समाजकार्याविषयी, म्हणजे समाजातल्या विषमतेतून होणारा अन्याय ओळखून त्याविरुद्ध उभ्या राहणाऱ्या कामाविषयी, प्रशिक्षणवर्गांत बोलले जाते ते जात, वर्ग, लिंगभाव अशा मोठ्या शब्दांत. ते आवश्यकच आहे, पण प्रत्यक्ष कामाला सुरुवात या चार-पाच वाक्यांपासून व्हायला हवी.

बाल न्याय अधिनियम, 2015 च्या कलम 2(14) मध्ये काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक कोणाला म्हणावे हे सांगितले आहे. घर नसणे, उदरनिर्वाहाचे उघड साधन नसणे, भीक मागताना किंवा रस्त्यावर राहताना आढळणे ही कारणे त्या व्याख्येच्या अगदी सुरुवातीलाच येतात. म्हणजे मुलावर कोणी अत्याचार केला आहे का, हे विचारण्याआधीच कुटुंबाचे दारिद्र्य त्याला या व्यवस्थेच्या दारात आणून उभे करू शकते. त्याच अधिनियमाच्या कलम 3 मध्ये 16 तत्त्वे आहेत आणि त्यांत मुलाच्या संगोपनाची प्राथमिक जबाबदारी कुटुंबाची आहे, संस्थेत ठेवणे हा अखेरचा उपाय आहे आणि कामकाजात कलंक लावणारी भाषा वापरू नये, असे स्पष्ट म्हटले आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने 2009 मध्ये स्वीकारलेल्या पर्यायी संगोपनाच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार तर केवळ दारिद्र्य हे मुलाला कुटुंबापासून तोडण्याचे कारण कधीही होऊ शकत नाही. व्याख्या आणि तत्त्वे यांच्यातली ही ओढाताण मिटवायची असते ती ही गृहचौकशी, म्हणजेच कायद्यातली सामाजिक तपासणी, करणाऱ्या व्यक्तीने, आणि त्यासाठी तिच्या हाती 15 दिवस असतात.

पुण्या-मुंबईच्या सिग्नलवर फुगे आणि गजरे विकणाऱ्या पारधी कुटुंबांच्या बाबतीत या ओढाताणीला मोठा इतिहास आहे. इंग्रज सरकारने 1871 मध्ये पारध्यांसारख्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवणारा गुन्हेगार जमाती कायदा केला आणि 1911 च्या सुधारित कायद्याच्या कलम 17 ने या जमातींची 6 ते 18 वर्षांची मुले आईवडिलांपासून काढून औद्योगिक, शेतकी किंवा सुधारशाळांत ठेवण्याचा अधिकार सरकारला दिला. मुलांचे भले करायचे तर त्यांना त्यांच्या माणसांपासून दूर न्यायला हवे, हा विचार तेव्हा कायद्यात लिहिलेला होता. 31 ऑगस्ट 1952 रोजी तो कायदा देशभर रद्द झाला, पण सोलापूरच्या सेटलमेंटच्या, म्हणजे या जमातींना डांबून ठेवण्याच्या वसाहतीच्या, गोष्टी आजही घराघरांत सांगितल्या जातात. सरकारी गाडी थांबली की पालांवरच्या बाया मुलांना पोटाशी घेऊन पळतात. त्यावर ‘पालकांनी सहकार्य केले नाही’ असा शेरा मारण्यापूर्वी, आपल्या ओळखपत्राकडे त्या कोणत्या अनुभवातून पाहतात याचा विचार करणे हा तपासणीचाच भाग आहे.

अहवालाची नेहमीची भाषा पाहा: ‘कुटुंब पालात राहते. कायमस्वरूपी निवारा नाही. आई फुगे विकते. मुलीकडे लक्ष देण्यास घरी कोणी नाही.’ यांतली पहिली तीन वाक्ये पाहणी आहेत आणि चौथा निष्कर्ष आहे, पण कागदावर चारही सारख्याच वजनाने उभी राहतात. शिवाय गृहभेट कार्यालयीन वेळेत होते, म्हणजे सकाळी अकराच्या सुमारास, जेव्हा कर्ती माणसे सिग्नलवर असतात. त्याच पालावर संध्याकाळी गेले की चूल पेटलेली असते, आजी नातीची वेणी घालत असते, शेजारच्या पालातली मावशी आपल्या पोरांबरोबर हिलाही जेवायला बसवते. पालाच्या बांबूला लटकवलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत लसीकरणाचे कार्ड जपून ठेवलेले असते, कारण पावसात पहिल्यांदा वाचवायची वस्तू तीच असते. हे सगळे काळजीचे पुरावेच आहेत, पण ते नोंदवायला नमुन्यात वेगळा रकाना नसल्यामुळे ते लिहायचे की नाही हे लिहिणाऱ्यावर राहते.

पुढे हीच आई समितीच्या कार्यालयात येते. तिला आधार कार्ड, रहिवासी दाखला आणि मुलीचा जन्मदाखला मागितला जातो. मूल पालातच जन्मलेले असल्यामुळे तो काढलेलाच नसतो. ती पुन्हा पुन्हा एवढेच म्हणते, “पोरगी माझीच हाय, मॅडम.” घरात ती पारधी बोलते, चौकशी मराठीत होते, आणि तिची उत्तरे तुटक आली की ती काहीतरी लपवते आहे असे समजले जाते. दुभाष्या म्हणून समाजातलीच एखादी शिकलेली मुलगी बोलावली, तर तीच आई सलग अर्धा तास बोलते.

याचा अर्थ मूल कोणत्याही परिस्थितीत कुटुंबातच ठेवावे असा मी मुळीच घेत नाही. दमन घरातही असते. दारू पिऊन मारणारा बाप, बालविवाहाचा घाट, लैंगिक अत्याचार, जातपंचायतीच्या धाकाने गप्प बसलेले नातेवाईक हे सगळे खरे आहे. अशा वेळी समाजाच्या परंपरेचे कारण पुढे करून मुलीला परत पाठवणे हा तिच्यावरचा दुसरा अन्याय ठरेल. म्हणूनच मुलीशी मोठ्या माणसांच्या अनुपस्थितीत, तिच्या भाषेत, एकापेक्षा जास्त वेळा बोलायला हवे.

अडचण केवळ पैशांची असेल, तर मिशन वात्सल्य या केंद्र सरकारच्या बाल संरक्षण योजनेत प्रायोजकत्वापोटी, म्हणजे मूल घरीच राहावे म्हणून कुटुंबाला मदत म्हणून, दरमहा 4,000 रुपये देण्याची तरतूद आहे. मात्र त्यासाठी बँक खाते आणि कागदपत्रे लागतात, म्हणजे ज्या आईला ही मदत सर्वांत आधी मिळायला हवी तीच मागे राहते. कागदपत्रे काढून देणे हे कारकुनी काम आहे असे आमच्यातल्या काहींना वाटते. मला ते मूल घरी राहावे यासाठीचे पहिले काम वाटते.

आणखी एक गोष्ट फार थोड्या पालकांना ठाऊक असते. बाल न्याय अधिनियमाच्या कलम 99 नुसार अहवाल गोपनीय असतो, परंतु समितीला योग्य वाटल्यास ती त्यातला सारांश मुलाला किंवा पालकांना सांगू शकते आणि त्यावर पुरावा मांडण्याची संधी देऊ शकते. हा अधिकार समितीचा आहे, पण तो वापरावा अशी विनंती अहवाल सादर करणाऱ्याने करण्यात कोणतीही आडकाठी नाही. ‘मुलीकडे लक्ष देण्यास घरी कोणी नाही’ हे वाक्य त्या आईला तिच्या भाषेत सांगितले, तर ती आजीला समितीसमोर आणून उभी करू शकेल.