पूरियातला उतरलेला धैवत

नागपुरातला, मे महिन्यातला शनिवार होता. सकाळी धरमपेठेत आठ मुलांची शिकवणी, संध्याकाळी सिव्हिल लाइन्समध्ये मैफल. अशा दिवसासाठी मी दोन व्हायोलिन ठेवतो. शिकवणीचं जी-डी-ए-ई असं लावलेलं, कारण परीक्षेची मुलं त्यातच वाजवतात. मैफलीचं काळी एकच्या (पेटीवरच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या) षड्जात, प-सा-प-सा. म्हणजे जी अर्ध्या स्वरानं चढते, डी आणि ए अर्ध्या स्वरानं उतरतात, आणि ई तर चांगली दीड स्वर खाली येते. एकाच वाद्यावर दिवसातून दोनदा ही ओढाताण केली की तारा बसत नाहीत, संध्याकाळपर्यंत सरकत राहतात.

साडेनऊला एका मुलानं व्हायोलिनची केस उघडली आणि आतून खडखड आवाज आला. साउंडपोस्ट, म्हणजे वाद्याच्या आतला छोटा लाकडी खांब, पडला होता. खालच्या बाजूला पोट (वाद्याची वरची फळी) आणि कडेची पट्टी यांच्यामध्ये नख जाईल एवढी फट.

"गाडीत ठेवलं होतं का?"

"बर्डीला थांबलो होतो जी सर, थोडाच वेळ," त्याची आई म्हणाली.

मे महिन्यात थोडा वेळही पुरतो. उन्हातली बंद गाडी आतून 60 अंशांपुढे जाते. व्हायोलिन सरसानं जोडतात आणि सरस उष्णतेनं मऊ पडतो. वरून चार तारांचा मिळून 22 किलोच्या आसपास ताण. जोड तिथेच सुटतो. साउंडपोस्टला तर डिंक-सरस काहीच नसतं; तो पोट आणि पाठ यांच्यामध्ये नुसत्या दाबावर उभा असतो. दाब गेला की आडवा.

मी तारा सैल केल्या, तारांखालचा ब्रिज काढून कापडात गुंडाळला आणि आईंना एकच गोष्ट बजावली: फेविकॉल लावू नका. सरसाचा जोड पुढे कधीही अलगद उघडता येतो. फेविकॉलचा उघडताना लाकूडच फाटतं. कारागीर आधी फट जोडेल आणि ती पक्की वाळल्यावरच साउंडपोस्ट उभा करेल, बारीक तारेकडच्या ब्रिजच्या पायामागे दोन-तीन मिलिमीटरवर.

त्या मुलाची परीक्षा जवळ आली होती. शिकवणीचं व्हायोलिन त्याच्या हातात दिलं आणि मैफलीचं मी घेतलं. चूक तिथे झाली.

खोलीत कूलर चालू होता. नागपूरच्या मे महिन्यात बाहेरची हवा कोरडी ठाक, कूलरसमोरची मात्र ओलसर. अडीच तास वाद्य त्या हवेत राहिलं. खुंट्या फुगून घट्ट झाल्या, बोचे (गजाचे) केस लांबून सैल पडले, म्हणून मी बोचा स्क्रू दोन फेरे आवळला. संध्याकाळी सभागृहातल्या एसीची हवा पुन्हा कोरडी. केस आखडले, काडी ताणली गेली. ते हाताला लगेच कळलं आणि स्क्रू सोडला. खुंट्यांचं मात्र बाहेरून काही दिसत नाही. लाकूड आक्रसलं की खुंटी भोकात हळूहळू सैल होते.

पूरिया राग सुरू केला. पूरियात पंचम वर्ज्य, त्यामुळे पंचमाची तार खुली वाजतच नाही. आलापात पहिलं बोट त्या तारेवर धैवताला ठेवलं आणि स्वर उतरलेला लागला. बोट जागेवर होतं, तार सरकली होती. तानपुरा चालू होता, तबला अजून लागायचा होता. मी बो खाली ठेवला, खुंटी पूर्ण सोडवली, तिच्यावर खडू फिरवला आणि आत दाबत-दाबत फिरवली. नुसती फिरवली तर ती पुन्हा सुटते. एक तार चढली की पोटावरचा दाब वाढतो आणि बाकीच्या किंचित उतरतात, म्हणून चारही तारा दोनदा मिळवल्या. अडीच मिनिटं गेली. श्रोते शांत बसून होते. त्या शांततेचे मी मनापासून आभार मानतो.

आता मैफलीचं वाद्य सकाळी केसमधून बाहेर येत नाही. दुपारी चारला सभागृहात नेऊन तासभर केस उघडी ठेवतो, मग तारा मिळवतो. खिशात खडूचा तुकडा असतो आणि शिकवणीच्या खोलीत मुलांसाठी तिसरं व्हायोलिन.