रेप्लिकेशन तुटलं तर लगेच स्किप मारू नका

रेप्लिका, म्हणजे मुख्य डेटाबेस सर्व्हरची (प्रायमरीची) सतत अपडेट होत राहणारी कॉपी, बंद पडली की टीमच्या चॅनलवर एकदम गोंधळ सुरू होतो, पण आधी हे बघा की प्रायमरी चालू आहे, ॲप लिहितंय, लोकांची कामं होतायत. म्हणजे डाउनटाइम अजून झालेलाच नाहीये. तो होतो नंतर, आपण घाईत दुरुस्ती करायला जातो तेव्हा. मी हे काम रोज करते आणि मायएसक्यूएलच्या बाबतीत माझं मत आता पक्कं झालंय, की रेप्लिकेशन परत "चालू" करणं सोपं आहे, डेटा परत सारखा करणं हे खरं काम आहे, आणि लोक पहिलं करून दुसरं सोडून देतात.

तर सगळ्यात आधी त्या रेप्लिकाला रीड ट्रॅफिकमधून बाहेर काढा. क्वेरी वाटून देणारी प्रॉक्सीएसक्यूएल असो, एचएप्रॉक्सी असो, नाहीतर ॲपच्या कॉन्फिगमधली ओळ असो, तिथून काढा, कारण तुटलेली रेप्लिका एरर देत नाही, ती शांतपणे जुना डेटा देत राहते आणि कोणाला तरी आत्ताच टाकलेली ऑर्डर दिसत नाही. ऑटोमॅटिक फेलओव्हर (प्रायमरी पडली की एखाद्या रेप्लिकाला प्रायमरी बनवणं) लावलेला असेल तर तिथेही सांगून ठेवा की हिला प्रमोट करायचं नाही.

मग प्रायमरीवर बिनलॉग (प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या फाइली) किती दिवस टिकतात ते बघा. खरं घड्याळ हे आहे. मायएसक्यूएल ८.० मध्ये "बिनलॉग एक्सपायर लॉग्ज सेकंड्स"ची डीफॉल्ट किंमत २५९२००० आहे, म्हणजे ३० दिवस, पण डिस्क भरते म्हणून बऱ्याच ठिकाणी कोणीतरी ती एक-दोन दिवसांवर आणून ठेवलेली असते. रेप्लिकाला हवी असलेली फाइल प्रायमरीवरून उडाली की साधी दुरुस्ती संपली, मग पूर्ण रीबिल्ड, म्हणजे रेप्लिका नव्याने बनवणं. म्हणून डिस्कवर जागा असेल तर हा आकडा आधी वाढवा. रीस्टार्ट लागत नाही, चालू सर्व्हरवर होतं.

आता स्टेटस. ८.०.२२ पासून "शो रेप्लिका स्टेटस", त्याआधी "शो स्लेव्ह स्टेटस", आणि ८.४ मध्ये जुनी कमांड काढूनच टाकलीये. आउटपुट आधी एका फाइलमध्ये कॉपी करून ठेवा, काहीही कमांड मारायच्या आधी, कारण स्टॉप-स्टार्ट आणि रीसेट केलं की यातली निम्मी माहिती गेली. दोन थ्रेड बघायचे. आयओ थ्रेड प्रायमरीकडून बिनलॉग आणून रिले लॉगमध्ये टाकतो, एसक्यूएल थ्रेड तो रिले लॉग वाचून डेटावर लावतो. एसक्यूएल थांबलाय आणि आयओ चालू आहे, तर घाबरायचं कारण नाही, बदल येऊन साठतायत, फक्त रेप्लिकाची डिस्क भरत नाही ना तेवढं बघा. आयओ थांबला असेल तर नेटवर्क, पासवर्ड, सर्टिफिकेट, नाहीतर १२३६ (बिनलॉग वाचताना येणारी एरर, तिच्याबद्दल पुढे). पॅरलल वर्कर (बदल एकाच वेळी लावणारे अनेक थ्रेड) चालू असतील तर स्टेटसमधला मेसेज बऱ्याचदा अर्धवट असतो आणि खरी एरर परफॉर्मन्स स्कीमातल्या "रेप्लिकेशन अप्लायर स्टेटस बाय वर्कर" या टेबलात सापडते.

सगळ्यात जास्त दिसणाऱ्या दोन एरर म्हणजे १०६२ आणि १०३२. १०६२ म्हणजे जी रो (टेबलातली ओळ) टाकायची आहे तिची की रेप्लिकावर आधीच आहे, १०३२ म्हणजे जी रो अपडेट किंवा डिलीट करायची आहे ती सापडत नाहीये. नेहमीचं कारण एकच, रेप्लिकावर कोणीतरी थेट लिहिलेलं असतं. कधी एखादी स्क्रिप्ट चुकीच्या होस्टकडे बघत असते, कधी कोणी "जरा टेस्ट करायला" म्हणून केलेलं असतं.

आणि इथे लोक काय करतात तर स्किप काउंटर १ करतात, म्हणजे अडलेला बदल सोडून पुढे जायला सांगतात, स्टार्ट मारतात, दोन्ही थ्रेडसमोर येस येस दिसतं, तिकीट बंद. माझा सगळा जीव यावरच तुटतो. कारण स्किप एक रो वगळत नाही, इनोडीबीच्या (मायएसक्यूएलचं नेहमीचं स्टोरेज इंजिन) टेबलांवर ते पूर्ण ट्रान्झॅक्शन, म्हणजे एकत्रच लागणाऱ्या बदलांचा गट, वगळतं. समजा त्या ट्रान्झॅक्शनमध्ये ४० रो आहेत, ऑर्डर, तिच्या आयटमच्या ओळी, स्टॉकचं अपडेट, पेमेंटची नोंद, आणि त्यातली फक्त एक रो डुप्लिकेट निघाली. तुम्ही स्किप केलं तर उरलेल्या ३९ पण गेल्या. उद्या त्यातल्या कुठल्यातरी ऑर्डरचं स्टेटस प्रायमरीवर बदललं की रेप्लिकावर १०३२, कारण ती रो तिथे नाहीच, मग परत स्किप, त्यात आणखी काही रो गेल्या, आणि मग कोणीतरी वैतागून कॉन्फिगमध्ये "या एरर कायम दुर्लक्षित करा" असं लिहून टाकतं. त्या दिवसापासून ती रेप्लिका नावालाच रेप्लिका.

त्यापेक्षा हे करा. स्टेटसमध्ये जी फाइल आणि पोझिशन दिलीये तिथून प्रायमरीचा बिनलॉग "मायएसक्यूएलबिनलॉग" टूलने उघडा, बेस ६४ चा ऑप्शन "डिकोड-रोज" आणि सोबत "डबल व्ही", म्हणजे प्रत्येक रोच्या जुन्या-नव्या किमती वाचता येतील अशा दिसतात. आता तीच रो रेप्लिकावर सिलेक्ट करून बघा. १०६२ असेल तर रेप्लिकावरची उपरी रो कुठून आली ते समजून घ्या, तिची कॉपी बाजूला ठेवा आणि फक्त तेवढी एक रो डिलीट करा. १०३२ असेल तर बिनलॉगमध्ये रोची आधीची प्रतिमा पूर्ण असते, रो इमेज फुल ठेवलेलं असलं तर, तीच घेऊन रेप्लिकावर हाताने इन्सर्ट करा. दोन्ही वेळा सेशनमध्ये "एसक्यूएल लॉग बिन" शून्य करूनच, नाहीतर तुमची ही दुरुस्ती रेप्लिकाच्या स्वतःच्या बिनलॉगमध्ये जाते आणि पुढे त्रास देते. मग स्टार्ट. आता ते ट्रान्झॅक्शन पूर्णच्या पूर्ण, ४० च्या ४० रो घेऊन लागतं. वेळ स्किपपेक्षा थोडाच जास्त जातो, आणि ट्रॅफिक आधीच काढलेलं असल्यामुळे मागे कोणी काठी घेऊन उभं नसतं.

जीटीआयडी (प्रत्येक ट्रान्झॅक्शनला स्वतःचा वेगळा नंबर) चालू असेल तर स्किप काउंटर चालतच नाही, तिथे "जीटीआयडी नेक्स्ट" त्या अडलेल्या ट्रान्झॅक्शनच्या नंबरवर सेट करून रिकामं बिगिन-कमिट करतात आणि परत ऑटोमॅटिक करतात. परिणाम तोच, पूर्ण ट्रान्झॅक्शन गायब, शिवाय रेकॉर्डला "लागलं" असं दिसतं. म्हणून इथेही आधी रो बघा. खरंच वगळायचंच असेल, उदाहरणार्थ आधीच बनवून ठेवलेला इंडेक्स परत बनवायला जातोय, तेव्हा हे ठीक आहे.

रेप्लिकाचं मशीन अचानक बंद पडून रिले लॉग खराब झाला, १५९४ सारखी एरर आली, तर उलट ही सोपी केस आहे. बिनलॉग प्रायमरीवर शाबूत आहे, रिले लॉग फेकून देऊन परत ओढायचा. पण जीटीआयडीऐवजी फाइल-पोझिशनवर चालवत असाल तर स्टेटसमधल्या दोन जोड्यांत गल्लत करू नका. "सोर्स लॉग फाइल" आणि "रीड सोर्स लॉग पोझ" ही आयओ थ्रेडने कुठपर्यंत वाचून आणलं ती जागा, तर "रिले सोर्स लॉग फाइल" आणि "एक्झेक सोर्स लॉग पोझ" ही प्रत्यक्ष डेटावर कुठपर्यंत लागलं ती जागा. आपल्याला दुसरी जोडी हवी. पहिली दिली तर मधलं सगळं, जे रिले लॉगमध्ये होतं पण लागलं नव्हतं, ते कायमचं सुटतं, आणि एकही एरर येत नाही. "रिले लॉग रिकव्हरी" ऑन असेल तर रीस्टार्टवर हे सर्व्हर स्वतःच करतो.

१२३६ ला थोडं वेगळं वाचायला लागतं, एकाच नंबरखाली बरीच कारणं येतात. पोझिशन "अशक्य" आहे असं म्हणत असेल तर बहुतेक प्रायमरी क्रॅश झाला होता आणि "सिंक बिनलॉग" १ वर नव्हतं, म्हणजे रेप्लिकाने वाचलेलं प्रायमरीच्या डिस्कवर पोचलंच नाही. पुढची फाइल, पोझिशन ४ देऊन चालू करता येतं, फाइलचे पहिले चार बाइट ओळखीचे असतात म्हणून ४, पण मग दोन्हीकडचा डेटा ताडून बघणं सक्तीचं. आणि फाइलच उडाली असेल तर रीबिल्ड.

रीबिल्डचं नाव काढलं की लोकांना मेंटेनन्स विंडो हवी असते. टेबलं इनोडीबी असतील तर बहुतेक वेळा नको असते. छोट्या डेटाबेसला "मायएसक्यूएलडंप" चालतं, सिंगल ट्रान्झॅक्शन आणि सोर्स डेटा २ लावून. फक्त एक गोष्ट, पोझिशन टिपायला ते सुरुवातीला सगळ्या टेबलांवर एक रीड लॉक मागतं. लॉक क्षणाचाच असतो, पण त्या वेळी एखादी रिपोर्टची क्वेरी अर्धा तास चालू असली तर हा लॉक तिच्या मागे थांबतो आणि लॉकच्या मागे सगळी लिहिणारी कनेक्शन थांबतात, आणि झाला की डाउनटाइम. म्हणून डंप सुरू करायच्या आधी प्रोसेसलिस्ट बघाच.

डेटा मोठा असेल तर एक्स्ट्राबॅकअप हे टूल, फाइली कॉपी होत असताना रीडू लॉगही (इनोडीबीची स्वतःची बदलांची नोंद) सोबत उचलतं, लिहिणं चालू राहतं. रीडू लॉग छोटा आणि लिखाण प्रचंड असेल तर कॉपी व्हायच्या आधीच तो ओव्हरराइट होतो आणि बॅकअप फेल होतो, त्यामुळे रात्रीची बॅच चालू असताना लावू नका. ८.०.१७ पासून क्लोन प्लगइन पण आहे, रेप्लिकावरून एक कमांड आणि सगळा डेटा ओढून घेतो, पण दोन्हीकडचं व्हर्जन जुळायला हवं, आणि ८.०.२७ च्या आधी क्लोन चालू असेपर्यंत प्रायमरीवर ऑल्टर वगैरे अडून बसतं. मला सगळ्यात आवडतो तो मार्ग म्हणजे प्रायमरीला हातच न लावता दुसऱ्या धडधाकट रेप्लिकावरून घेणं. फक्त डेटा डिरेक्टरी किंवा स्नॅपशॉट उचलून आणलात तर त्यातली "ऑटो डॉट सीएनएफ" फाइल काढा, नाहीतर दोन रेप्लिकांचं यूयूआयडी (सर्व्हरचा ओळख क्रमांक) एकच होतं आणि दोघी प्रायमरीवरून एकमेकींना ढकलत बसतात. सर्व्हर आयडी पण वेगळा हवा.

जीटीआयडीवर डंप किंवा बॅकअप रिस्टोअर झाला की नव्या रेप्लिकावर "रीसेट मास्टर" (८.४ मध्ये ही काढून "रीसेट बायनरी लॉग्ज अँड जीटीआयडीज" दिलीये) मारून "जीटीआयडी पर्ज्ड" भरायला लागतं. ही कमांड चुकून प्रायमरीच्या टर्मिनलमध्ये गेली तर तिथले सगळे बिनलॉग गेले आणि बाकीच्या रेप्लिकाही तुटल्या. दरवेळी आधी होस्टनेम सिलेक्ट करून डोळ्यांनी वाचायचं, कितीही खात्री असली तरी.

मग कॅचअप, म्हणजे मागे पडलेल्या रेप्लिकाने प्रायमरीला गाठणं. त्या रेप्लिकावर तात्पुरतं "फ्लश लॉग ॲट ट्रान्झॅक्शन कमिट" २ आणि "सिंक बिनलॉग" ० केलं की ती बरीच वेगाने पुढे येते, पोचली की दोन्ही परत १. तरी एकाच जागी अडकून बसली असेल तर त्या टेबलाला प्रायमरी की आहे का बघा. रो फॉरमॅटमध्ये की नसलेल्या टेबलावर मोठं डिलीट आलं की रेप्लिका अख्खं टेबल परत परत चाळायला बसते, आणि मग लॅग (प्रायमरीच्या मागे पडलेलं अंतर) कमी व्हायचं नावच घेत नाही.

लॅग शून्य झाला तरी ट्रॅफिक लगेच देऊ नका. "पीटी टेबल चेकसम" प्रायमरीवर चालवा, ते टेबलाचे छोटे तुकडे करून दोन्हीकडचा हिशोब जुळवतं आणि लॅग वाढला की आपोआप थांबतं, म्हणून चालू सिस्टीमवर चालतं. फरक निघाला तर "पीटी टेबल सिंक", आधी प्रिंट करून प्रत्येक ओळ वाचून, मगच एक्झिक्यूट. आणि "सुपर रीड ओन्ली" ऑन करा, हे ५.७.८ पासून आहे. नुसतं रीड ओन्ली सुपर परवानगी असलेल्या युजरला अडवत नाही, आणि तो वाकडा इन्सर्ट बऱ्याचदा तिथूनच आलेला असतो.

हे सगळं जुळलं की रेप्लिकाला प्रॉक्सीमध्ये छोट्या वेटने (ट्रॅफिकच्या छोट्या वाट्याने) परत घ्या. नव्याने बनलेल्या रेप्लिकाचा बफर पूल (मेमरीत ठेवलेला डेटा) रिकामा असतो, प्रत्येक क्वेरी डिस्कवर जाते, एकदम पूर्ण लोड टाकला तर कनेक्शन साठत जातात आणि मॉनिटरिंगला ती परत आजारी दिसायला लागते. थोडं थोडं वाढवत न्या, आणि जुनी डेटा डिरेक्टरी डिस्कवर जागा असेल तोवर राहू द्या, त्या उपऱ्या रो कोणी टाकल्या हे शोधायला तीच लागते.